उतारावरचा हात

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कवाताने ट्रेलरचा मागचा कोपरा पिवळ्या पिंपावर घातला. पिंप आडवं झालं आणि गडगडत कुंपणापर्यंत गेलं. सकाळपासूनची ही तिसरी खेप. दुपारी दोन वाजता तिची ट्रेलर चालवण्याच्या परवान्याची परीक्षा होती.

"मुमोच्या आई, त्या पिंपानं तुझं काय घोडं मारलंय?" टायरवाला कवाताला ओरडून म्हणाला. मोंबासाजवळच्या मारियाकानीतल्या ट्रकांच्या त्या यार्डात सकाळी सातला पंधरावीस माणसं असतात. सगळी हसली.

म्वाकिओ हसला नाही आणि ओरडलाही नाही. तो एकोणसाठ वर्षांचा होता. चौतीस वर्षं त्याने मोंबासा ते कंपाला ट्रेलर ओढले होते आणि गेली चार वर्षं तो कंपनीच्या नव्या ड्रायव्हरांना शिकवत होता. यार्डात सगळे त्याला म्वालिमू म्हणत, म्हणजे गुरुजी. त्याने कवाताच्या दारावर दोनदा थाप मारली.

"उतर."

"संपलं का म्वालिमू? दोनची परीक्षा रद्द?"

"उतर म्हणतो ना. शेपूट आधी जमिनीवर शीक."

फाटकाशी पाणीवाला आपली हातगाडी लावून चहा पीत होता. म्वाकिओने ती मागून घेतली. दोन चाकं, पुढे दोन लांब दांड्या, वर पाण्याचे आठ डबे. पिंप पुन्हा उभं करून त्याने कवाताला दांड्यांमध्ये उभं केलं.

"ही मागे ढकलत ने. पिंपांच्या मधून."

"अहो, त्रेचाळीस वर्षांची बाई मी."

"म्हणूनच आठ डबे ठेवले. पोरांना बारा देतो."

कवाताने अकरा वर्षं मोंबासाच्या चहाच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवली होती. गोदाम बंद झालं आणि ती इथे शिकायला आली तेव्हा तिला रिव्हर्सची भीती नव्हती. फोर्कलिफ्ट अर्धा दिवस मागेच चालते. पण फोर्कलिफ्ट एकसंध असते. इथे पुढचं यंत्र एक म्हणत होतं आणि मागची चाळीस फूट लांब शेपूट दुसरंच ऐकत होती.

पहिल्या खेपेला हातगाडी डाव्या पिंपावर गेली, दुसऱ्या खेपेला उजव्या. "पाण्याचा भाव काय गं?" टायरवाल्याने विचारलं. "तुला फुकट, डोक्यावर ओतून," कवाता म्हणाली. तिसऱ्या खेपेला गाडी मधून सरळ गेली.

"कळलं?"

"दांडी उजवीकडे नेली की शेपूट डावीकडे जाते."

"तोंडाला काय, सगळंच कळतं. हाताला कळलं का?"

तिने पुन्हा दांड्या धरल्या. हातगाडी आणखी चार वेळा नेली आणि मग ट्रकमध्ये चढली. आठ वाजायला पाच मिनिटं असताना ट्रेलर दोन्ही पिंपांच्या मधून आत गेला. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा उरली होती. टायरवाल्याने टाळी वाजवली आणि ती आपल्यासाठीच असल्यासारखा इकडेतिकडे पाहू लागला.

गिअर तिला तीन आठवड्यांपूर्वीच जमले होते. ट्रकच्या त्या जुन्या गिअरपेटीत गिअर ढकलून बसत नसे. क्लच दोनदा दाबावा लागे, एकदा आधीचा गिअर सोडवायला आणि एकदा पुढचा बसवायला. मधल्या क्षणात इंजिनाचा आवाज योग्य जागी आला नाही, तर दात करकर वाजत. पहिला आठवडा नुसती करकर झाली. मग एक दिवस कवाता म्हणाली, "हा सूर आहे होय! आधी सांगायचं ना." ती चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत उभी राहायची. त्यानंतर पेटीने तक्रार केली नाही.

राहिली होती उताराची फेरी. ती म्वाकिओ परीक्षेच्या दिवशीच घेई. आधी स्वतः चालवून दाखवायचा, मग विद्यार्थ्याला द्यायचा. त्याच्या खोलीच्या दारावर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, 'उतारावर गिअर काढणारा माझा विद्यार्थी नाही.' चार वर्षांत एकसष्ट जण त्या पाटीखालून परवाना घेऊन गेले होते.

एकसष्टावा लेंजो. तो आता नाकुरूच्या इस्पितळात होता. तीन आठवड्यांपूर्वी सालगाच्या उतारावर त्याचा ट्रेलर रस्ता सोडून मक्याच्या शेतात आडवा झाला. दुसऱ्या कोणाला इजा झाली नाही. लेंजोचा पाय मात्र दोन ठिकाणी मोडला. गाडी ओढून काढली तेव्हा गिअर न्यूट्रलमध्ये, म्हणजे काढलेला होता. कंपनीने म्वाकिओचा अहवाल मागवला. त्याने एका ओळीत लिहून दिला: 'उतारावर गिअर काढू नये, हे त्याला स्पष्ट शिकवले होते.' सुनावणी बुधवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होती. अहवाल मान्य झाला की लेंजोची नोकरी जाणार होती आणि इस्पितळाचा खर्च त्याच्याच अंगावर येणार होता.

सव्वानऊ वाजता वाळूची पोती भरलेला ट्रेलर घेऊन दोघं मोंबासाच्या दिशेने निघाली. माझेरासचा उतार लागला. म्वाकिओ चालवत होता आणि बोलत होता. "इथे ब्रेकवर उभं राहायचं नाही. ज्या गिअरात चढ चढलीस त्याच गिअरात उतरायचं. इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेक तापला की तो तुझा राहत नाही." कवाता डाव्या सीटवर होती. गोदामात ती अकरा वर्षं माणसांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत आली होती. तिथे सगळे इशारे हातांचे असत.

उताराच्या पायथ्याशी गाडी थांबली. म्वाकिओ म्हणाला, "आता वळवून वर नेऊ, मग तू."

"म्वालिमू, एक विचारू? तो गिअर कधी काढायचा?"

"कुठला?"

"मशिदीच्या पुढे, वळण संपल्यावर. तुम्ही काढलात तो."

"मी? मी गिअर काढला?"

"क्लच न दाबता. दोन बोटांनी. इंजिनाचा सूर एकदम खाली बसला. पुलाच्या आधी परत टाकलात."

"झोप झाली नव्हती का तुझी?"

"झोप झाली होती. मला वाटलं, पाटीवरचं परीक्षेसाठी असेल आणि हातातलं रस्त्यासाठी."

म्वाकिओने गाडी वळवून वर नेली आणि पुन्हा उताराला लावली. या वेळी तो बोलला नाही. वळण गेलं. मशीद गेली. त्याची नजर रस्त्यावर होती, पण लक्ष डाव्या हाताकडे होतं. हात गुडघ्यावर होता. रस्ता सरळ झाला, पाय ॲक्सिलेटरवरून हलका झाला आणि हात आपणहून उठला. दोन बोटं दांडीच्या मुठीवर पोहोचली तेव्हा त्याने हात मागे ओढला. गरम तव्याला लागल्यासारखा.

पायथ्याशी येऊन त्याने इंजिन बंद केलं. बाहेरून एक बस मोठ्याने हॉर्न वाजवत गेली.

पूर्वी ही सगळ्यांचीच रीत होती. उतारावर गाडी मोकळी सोडायची, वाचलेलं डिझेल ड्रायव्हरचं. म्वाकिओने पहिली वीस वर्षं तेच केलं. मग बरोबरीचे दोघं त्यातच गेले आणि त्याने ठरवून सोडलं. आपण सोडलं, असं तो समजून होता.

"लेंजोला मी ही फेरी दाखवली होती," तो म्हणाला.

कवाताने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"त्यानं विचारलं नाही."

"तुम्हाला कोण विचारणार? सगळे मनात म्हणाले असतील, म्हाताऱ्यानं खरी गोष्ट न बोलता दाखवली."

"तू कशी विचारलीस?"

"मला दुपारी दोनला परीक्षा आहे. चुकीचं शिकून चालणार नाही."

मग ती स्टिअरिंगवर बसली आणि तीच गाडी वर नेऊन खाली आणली. चौथ्या गिअरात, वरपासून खालपर्यंत. इंजिनाचा सूर एकदाही बदलला नाही.

साडेअकराला यार्डात दोघं टपरीवर जेवायला बसली. नारळाच्या दुधातली तूर आणि वेलचीच्या गोड पुऱ्या. म्वाकिओने ताटली बाजूला सरकवली आणि कागद मागितला.

"काय लिहिताय?"

"अहवाल. दुसरा."

कवाताचा हात घास घेता घेता थांबला. परीक्षेच्या अर्जावर प्रशिक्षकाची सही लागते आणि सहीवर कार्यालयाचा शिक्का. हे तिला पाठ होतं.

"चारला द्या," ती म्हणाली. "सुनावणी उद्या नऊला आहे. माझी परीक्षा साडेतीनला संपेल. चारला दिलात तरी लेंजोचं काही बिघडत नाही."

"खरं आहे."

"मग?"

"आत्ता थांबलो की मी हे देणार नाही. मला मी माहीत आहे."

"आणि माझं काय? सहा महिने मी बहिणीच्या घरात मुमोला घेऊन राहतेय. मी विचारलं म्हणून तुम्हाला कळलं. तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं!"

"तुझ्यासाठी बरं झालं असतं," म्वाकिओ म्हणाला. "गाडी तुला येते, ते मी लिहून देतो."

"तुमच्या लिहिण्याला आता कोण विचारतंय, म्वालिमू?"

ती ताटली टाकून उठून गेली. बारा वाजून वीस मिनिटांनी म्वाकिओने कागद मॅनेजर ओजवांगच्या टेबलावर ठेवला. ओजवांग त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, त्याला म्झी म्हणे, म्हणजे वडीलधारा. त्याने कागद दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं.

"म्झी, एकसष्ट जणांना दाखवलंय, असं लिहिलंत तुम्ही."

"दाखवलं असणार. मला माहीत नव्हतं."

"आज त्यातले चाळीस रस्त्यावर आहेत. सगळ्यांना परत बोलवायचं?"

"बोलवा."

"माल कोण नेणार? आणि तुम्ही? तुम्हाला तर मी उद्यापासून शिकवू देऊ शकत नाही."

"आजपासून."

"मी हा कागद पाहिलाच नाही, असं होऊ शकतं," ओजवांग हळू आवाजात म्हणाला. "लेंजोसाठी वेगळं काहीतरी बघू. वर्गणी काढू."

"त्याला वर्गणी नको. चूक त्याची नव्हती, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं."

म्वाकिओने दुसरा कागद पुढे केला. तो कवाताचा अर्ज होता, खाली त्याची सही. ओजवांग खुर्चीत मागे टेकला.

"एका कागदावर लिहिता, माझ्या शिकवण्यावर भरवसा ठेवू नका. दुसऱ्यावर लिहिता, हिला मी शिकवलंय. मी कशावर शिक्का मारू?"

"दोन्ही खरं आहे."

ओजवांगने दोन्ही कागद एकाच खणात ठेवले.

परीक्षा ठरल्या वेळी झाली. परीक्षक बाहेरचा होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. कवाता म्वाकिओकडे न बघता गाडीत चढली. ट्रेलर पहिल्याच खेपेला पिंपांच्या मधून गेला. माझेरासच्या उतारावर परीक्षकाने एकदाही मान वर केली नाही. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी त्याने 'उत्तीर्ण' लिहिलं, अर्ज मागितला आणि अर्ज अजून कार्यालयात आहे, असं त्याला सांगण्यात आलं. तो म्हणाला, "पाचपर्यंत पाठवा, त्याशिवाय परवाना नाही." पाचपर्यंत अर्ज खणातच होता, सहीसह आणि शिक्क्याशिवाय. कवाता कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून होती. तिच्या शेजारी जागा होती. म्वाकिओ तिथे बसला नाही आणि तिनेही बसा म्हटलं नाही.

पाच वाजून आठ मिनिटांनी म्वाकिओने फाटकाबाहेर उभं राहून नाकुरूचा नंबर लावला. लेंजोच्या बहिणीने उचलला.

"कोण बोलतंय?"

"म्वाकिओ. मारियाकानीहून."

मागे इस्पितळाचा आवाज येत होता, चाकांच्या खाटेचा, कोणाच्या तरी खोकल्याचा.

"कंपनीला तो कागद तुम्हीच लिहिला होता ना?"

"हो. मीच."

"तो जागा आहे," ती म्हणाली. "विचारते, बोलायचंय का त्याला. थांबा."

म्वाकिओ थांबला. रस्त्यावरून ट्रेलर एकामागून एक मोंबासाकडे उतरत होते. पाच वाजून एकवीस मिनिटं झाली तेव्हा फोन त्याच्या कानाला होता. लाइन चालू होती. पलीकडून अजून कोणी बोललं नव्हतं.