बापाचा खोकला

"पुन्हा एकदा खोकता का? आता जरा खोलातून," ग्रिफिन म्हणाला आणि त्यानं रेकॉर्डिंग सुरू असलेला फोन डेल्मरच्या तोंडाजवळ नेला.

डेल्मरनं बहिणीकडे पाहिलं. व्हर्नाला वाटलं, हा फोन हिसकावून समोरच्या ओढ्यात भिरकावून द्यावा.

अर्धं आयुष्य ती कादंबऱ्या लिहीत आली होती. पाच आल्या आणि गेल्या. पोट भरलं ते कॉलेजात शिकवून. सहाव्या कादंबरीत तिनं बापाबद्दल लिहिलं. केंटकीच्या डोंगरात कोळशाच्या खाणीत राबलेला आणि छातीत साठलेल्या कोळशानं गुदमरून गेलेला बाप. ती मात्र लोकांनी डोक्यावर घेतली. बक्षीस मिळालं, आणि आता सिनेमा निघत होता. सिनेमावाल्यांनी तिचं जुनं घर घेतलं आणि त्याच्या भिंतींना काजळी फासली, कारण ते त्यांना पुरेसं गरीब दिसेना. बापाचं काम करणारा ग्रिफिन हेल रोज सकाळी दाढीला कोळसा लावून घेई. त्यातून त्याचे पांढरेशुभ्र दात चमकत. त्या दातांकडे बघणं व्हर्ना टाळायची.

आणि आज त्याला खोकला हवा होता. बाप नव्हता, पण बापामागून त्याच खाणीत उतरलेला तिचा थोरला भाऊ होता की! अंगणातून दारापर्यंत आला तरी धापा टाकणारा.

"पुरे झालं," व्हर्ना म्हणाली. "तो आजारी आहे."

"अगं, खोकतो की! एरवी फुकटच खोकतोय," डेल्मर म्हणाला. "पाव्हणा एवढ्या लांबून आलाय."

तो खोकला. आधी मुद्दाम, मग खरी उबळ आली आणि थांबेचना. मानेच्या शिरा तटतटल्या. त्यानं कुंपणाचा खांब धरला. ग्रिफिन डोळे मिटून मान डोलवत होता, गाणं ऐकावं तसा. "वा! काय आवाज आहे!" तो पुटपुटला. मागं उभ्या सिनेमावाल्यांतून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

व्हर्नाला त्या टाळ्यांची किळस आली. पण खरी किळस पुढंच होती. भावाची पाठ चोळता चोळता तिच्या डोक्यात शब्द जुळत होते. ओल्या पोत्यातून खडी ओढावी तसा आवाज. पुस्तकात होतं त्यापेक्षा हे सरस होतं. मनातल्या मनात तिनं ते वाक्य घोळवूनही पाहिलं. मग आपण काय करतोय ते तिच्या ध्यानात आलं, आणि भावाच्या पाठीवरचा स्वतःचा हात तिला बघवेना. ग्रिफिननं निदान विचारलं तरी होतं.

"पुसून टाक ते," ती ओरडली. "आत्ता, माझ्यासमोर."

"पण व्हर्ना, तुमच्याच पुस्तकात तर..."

"माझ्या पुस्तकात काय आहे ते मला नको शिकवूस. पूस!"

त्यानं पुसलं. सगळे इकडंतिकडं बघू लागले. व्हर्नानं डेल्मरला धरून गाडीत बसवलं आणि गाडी काढली.

डोंगराचं वळण आलं.

"पोरी, रागावली नाहीस ना?" डेल्मरनं विचारलं.

"तुझ्यावर नाही रे."

"मग खरं सांग. बाबांसारखा आला का?"

व्हर्नानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "अगदी तसाच."

तो खूश झाला. खिशातून रुमाल काढून त्यानं ओठ पुसले, काळा डाग आतल्या बाजूला जाईल अशी रुमालाची नीट घडी घातली, आणि काच खाली करून तो बाहेर बघत बसला.