पेडलं काढलेली गिटार

तिसरं पेडल निघेना, तेव्हा उल्हासराव गिटारीखाली उताणे पडून पान्याला शिव्या देऊ लागले.

“अहो, वाद्याजवळ तरी नको,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

“रेल्वेत जन्म गेला माझा. चांगली चीज खोलून टाकायचं काम तिथंही कुणी सांगितलं नाही.”

चार पायांवर टेबलासारखी उभी राहणारी ती गिटार दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी भाड्याने राहिलेली परदेशी मुलगी जाताना बाईंना देऊन गेली होती. पायाने पेडल दाबलं की तार चढायची. रोज आधी वाद्याची क्षमा मागून बाई पाय ठेवीत. यंदा नवरात्रात दुर्गाघाटच्या देवीपुढे वाजवायचं, एवढीच त्यांची इच्छा.

देवळाचं बघणारे यज्ञेश्वरभट म्हणाले होते, वाद्याला पाय लागतो, चालणार नाही. बाईंना ते मनापासून पटलं. पेडलं निघाली. पुढच्या खेपेस भटजींना गुडघ्याने ढकलायचे दांडे खुपले. तेही निघाले. मग भटजी म्हणाले, देवीपुढे खुर्चीवर कसं बसणार? गिटारीचे पायच काढले. ती चटईवर आली. पेडलाने निघायची ती मींड बाई आता लोखंडी कांडीने, बोटांना घट्टे पाडून, काढायला शिकल्या.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी भटजींनी येऊन ऐकलं, मान डोलावली.

“वहिनी, आता बिलकुल ठीक. उद्या देवळात पाठवून द्या. आमचा पुतण्या वाजवील. सतार शिकलाय, जमेल त्याला.”

“आणि मी?”

“उत्सवात बाईमाणसानं वाजवायला बसायची चाल नाही आपल्याकडे. तुम्ही समोर बसून ऐका की.”

उल्हासराव पाना घेऊनच उठले. “मग आता काय खोलू, भटजी? हिचे हात?”

“अरे, गुस्सा कशाला करता—”

“ही चाल पहिल्या दिवशीही होतीच ना?” बाईंचा आवाज चढला नाही. “मग वाद्यात खोट कशाला काढत बसलात? मला तोंडावर सांगायचं होतं. वाद्य येणार नाही.”

भटजी गल्लीत उतरले. उल्हासरावांनी सुट्या भागांचा डबा ओढला. “सगळं परत बसवतो.”

“राहू द्या. पायाचं मला पटलं होतं.”

दुसऱ्या दिवशी बाई दुर्गाघाटाकडे गेल्या नाहीत. उपास होताच. लग्नात माहेरहून आलेली पितळेची अन्नपूर्णा त्यांनी देव्हाऱ्यातून उचलली, चटईसमोर पाटावर बसवली, हळदकुंकू वाहिलं आणि तारांवर कांडी टेकवली. पहिली मींड थरथरली. त्यांनी ती पुन्हा काढली.