पहारेकऱ्याचे नऊ प्राण

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. खोडरबराने माझा मधला भाग इतका झिजला आहे, की उजेडात धरलात तर पलीकडचे दिसेल. त्या जागी एका पहारेकऱ्याचे प्राण लिहिलेले असत.

हा पहारेकरी खराखुरा नव्हता. घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी तिघे मित्र कल्पनेतल्या मोहिमांचा खेळ खेळत. घड्याळजी गोष्ट सांगत आणि शत्रूंचे फासे टाकत. कंपाउंडर वैद्य होई, आणि पुस्तकांची बांधणी करणारा बाइंडर पहारेकरी. मला आखले ते बाइंडरनेच, वहीच्या उरलेल्या जाड कागदावर.

नियम कडक होता. पहारेकऱ्याचे प्राण एकतीस. राक्षसाचा घाव बसला, की दोन फाशांवर जितके पडेल तितके वजा. शून्य झाले, की पात्र मेले. विश्रांती मिळाली, की प्राण पुन्हा भरत. बाइंडर फार जपून खेळे. प्राण दहाच्या खाली आले, की तो मागे सरायचा. कंपाउंडर त्याला भित्रा म्हणून चिडवी, तो नुसता हसे. पण त्या भित्रेपणावरच पहारेकरी अकरा वर्षे तगला.

बाइंडर मात्र तापाच्या आजारात आठवड्याभरात गेला.

दोन महिन्यांनी त्याची बायको मला घेऊन त्या खोलीत आली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे काम करणारी ही शांत बाई. सगळे तिला वहिनी म्हणत. यांच्या जागी मी खेळले तर चालेल का, असे तिने विचारले. दोघांनी घाईघाईने खुर्ची पुढे केली.

तेव्हापासून घड्याळजी पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकू लागले. बारा पडले तरी तीन सांगत. मी टेबलाच्या कडेला असे, मला सारे दिसे. कंपाउंडरलाही ठाऊक होते. माझ्यावर खोडरबर आता क्वचितच फिरे. मला ते सुखाचे वाटायला हवे होते, पण वाटले नाही.

तीन महिन्यांनी, एका पुलावरची लढाई ऐन रंगात असताना वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली.

"भावजी, मी आल्यापासून राक्षसाला चारच्या वर एकदाही पडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी मान खाली घातली. तुमच्या हातून पहारेकरी जाऊ नये एवढेच मनात होते, असे ते कसेबसे म्हणाले.

"ह्यांनी अकरा वर्षं जीव मुठीत धरून त्याला सांभाळलं. तुम्ही त्याला फुकट जगवताय. मग ह्यांच्या सांभाळण्याला काय अर्थ राहिला?"

 वहिनींनी पुठ्ठा स्वतःच्या हाताने बाजूला केला. पहिला घाव उघड्यावर पडला आणि माझ्यावर नऊ हा आकडा उरला. बाइंडर असता तर इथेच मागे सरला असता. पण पहारेकऱ्याच्या मागे कंपाउंडरचा वैद्य जखमी होऊन पडला होता. कंपाउंडर म्हणाला, की मी मेलो तरी चालेल, तुम्ही मागे या. वहिनींनी नकारार्थी मान हलवली.

"टाका," त्या घड्याळजींना म्हणाल्या.

सहा आणि पाच. वजा अकरा.

वहिनींनी नऊ खोडला नाही. त्याच्या शेजारी शून्य लिहिले, अगदी सावकाश. तेवढ्या वेळात पुलाच्या पलीकडून मदत येऊन वैद्य वाचला. वहिनी उठल्या, दोघांचा निरोप घेतला आणि मला टेबलावर ठेवून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. घड्याळजींनी त्यांच्यासाठी नवा कागद आखला होता. तो कोराच राहिला. आज घड्याळांच्या तुटक्या पट्ट्यांच्या खणात तो माझ्या अंगावर पडून आहे. रविवारी ती खोली बंद असते.

मित्रांनो, खेळात कोणाला जगवावेसे वाटले तर खुशाल नियम सौम्य करा, पण सर्वांसमोर बोलून करा. घड्याळजी आणि कंपाउंडर वाईट नव्हते. वहिनींना दुःख होऊ नये म्हणून दोघांनी पुष्कळ जपले. त्यांना कसे खेळायचे आहे, हे मात्र त्या तीन महिन्यांत एकदाही विचारले नाही.