मुका हात

मार्गशीर्षातली सकाळ. माळावरचे कुसळी गवत पिकून सोनसळी झालेले. त्या सोनसळीवर दवाची, कोवळ्या उन्हाची, निःशब्द शांततेची पाखर. दूर डोंगरांची निळी रेघ, अलीकडे कुष्ठधामाची पांढरीशुभ्र रांग, आणि मधोमध धोंडे वेचून सपाट केलेला, गोल्फच्या सरावाचा एक हिरवा तुकडा.

त्या हिरव्या तुकड्याकडे एस्तेरबाई उजगरे येत होत्या. सावकाश, काठी टेकत, काखेत गोल्फची स्टिक धरून, उजवा हात शालीत लपवून.

एके काळी साऱ्या लष्करी छावणीने हाच हात डोळे विस्फारून पाहिला होता. छावणीच्या ज्या गोल्फ मैदानावर बायका केवळ चहापुरत्या येत, तिथे पदर खोचून ही चर्चच्या पाळकांची लेक उतरली. लोक हसले. मग चेंडू उडाला, निळ्या नभात पांढरा ठिपका झाला, आणि हसणाऱ्यांच्या माना वरच राहिल्या. करंडक आले. बाईंनी ते कपाटात ठेवले आणि पोरींना शिकवायला घेतले. रविवारी उपासना आणि उपासनेनंतर हे कुष्ठधाम, हा त्यांचा नेम कधी चुकला नाही.

इथेच त्यांना सगुणा भेटली. रोग बरा झाला होता, पण जाताना बोटांची पेरे आणि तळव्यांची जाण घेऊन गेला होता. पहिल्याच दिवशी तिने स्टिक अशी आवळली, की तळवा फाटून रक्त ठिबकले, आणि ती आपली हसतेच आहे! "अगं, पाखराचं पिल्लू धरल्यासारखी धर," बाई कळवळून म्हणाल्या. पण न जाणणाऱ्या हाताला हलके कसे कळावे? ते सगुणा डोळ्यांनी शिकली. कुष्ठधामात रोज सांजेला हातपाय निरखायची रीतच आहे. जखम दुखत नाही, म्हणून ती शोधावी लागते.

आणि यंदा बाईंनाच अर्धांगाचा झटका आला. हात पुन्हा हलू लागला, पण त्यातली जाण परतली नाही. खेळ गेला, याचे त्यांना फारसे दुःख नव्हते. दुःख प्रार्थनेचे होते. हात जोडले, की डाव्याला उजवा लागे, उजव्याला काहीच लागत नसे. अर्धी प्रार्थना रित्या अंधारात पडे. जन्मभर ज्याचा हात धरून चालले, त्यानेच हात सोडला, असे त्यांना वाटू लागले होते.

म्हणून आज हे शेवटचे येणे. जुनी, जपलेली स्टिक त्यांनी हिरवळीवर वाट पाहणाऱ्या सगुणापुढे धरली.

"ठेव तुझ्याकडे. मला आता हात नाही."

सगुणाने स्टिक घेतली नाही. शालीतला हात तिने बाहेर काढला, उलटासुलटा केला. मनगटामागे भाजल्याचा लालभडक फोड होता, सकाळच्या चहाच्या पातेल्याचा. बाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

"हात हाय की, बाई. मुका झालाय फकस्त. मुकं लेकरू आई टाकून देती व्हय? डोळ्यानं इचारायचं त्याला, रोज."

तिने फोडावर स्वच्छ फडके बांधले. मग बाईंच्या मुठीत स्टिक ठेवली, आपली आखूड बोटे वरून टेकवली.

"नखं बघा. पांढरी पडली का समजायचं, लई दाबलं."

बाईंनी पाहिले. नखे पांढरी होती. त्यांनी मूठ सैल केली, आणखी सैल केली. हळूहळू नखांवर गुलाबी उजाडले. बाई रडल्या, लपवून नव्हे, अगदी उघड रडल्या.

मग स्टिक फिरली. चेंडू गेला, फार नाही, गवतापर्यंतच गेला. सगुणा टाळी वाजवून हसली. बाईंचे तिकडे लक्षच नव्हते.

त्यांनी हात जोडले होते. डाव्याशी उजवा, तळव्याशी तळवा, बोटाशी बोट. आणि मधून सकाळचे ऊन. जन्मभर डोळे मिटून केलेली प्रार्थना त्या दिवशी एस्तेरबाईंनी डोळे उघडे ठेवून केली.