एक्केचाळीस हातांचं कर्ज

बाबालाल मणेराच्या वहीत एकाही माणसाचं नाव नव्हतं. सरकारी दृष्टीनं दोष एवढाच. बाकी वही स्वच्छ होती.

शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर येऊन पंचवीस वर्षं होत आली होती. युरोपातल्या लढाईनं परदेशी काचमाल बंद पडला, तेव्हा बाबालालनं मंगळवार पेठेत दुकान घातलं आणि फिरोजाबादेहून काकणांच्या एकदम सहा पेट्या मागवल्या. परवापर्यंत पाटी घेऊन दारोदार काकणं भरत फिरणाऱ्या माणसाकडं सहा पेट्यांचे पैसे आले कुठून, असा प्रश्न शेजारच्या दुकानदाराला पडला. त्याला उत्तर सुचेना, म्हणून त्यानं अर्ज करून तो मिळकतीवर कर बसवणाऱ्या कचेरीला विचारला.

कचेरीत गणपतराव नावाचे तरुण अंमलदार होते. बी.ए. झालेले आणि लाच न घेणारे, त्यामुळं त्यांच्यापुढं कुणाचाच इलाज चालत नसे. त्यांनी वही मागवली. सहाशे बारा रुपये कर्जाऊ घेतल्याची नोंद होती. देणाराचं नाव लिहायच्या जागी काकणाचं माप आणि हाताची खूण होती : ‘सव्वादोनचा हात, हिरवा चुडा, मनगटाला भाजल्याचा वण – रुपये अकरा.’ ‘अडीचचा हात, तळव्याला घट्टे, लाल काकण – रुपये एकोणीस.’ असे एक्केचाळीस हात.

हे सगळे कोण, असं गणपतरावांनी विचारलं. या सगळ्या बायका, असं बाबालालनं सांगितलं, आणि मग बाकीचंही सांगितलं. परक्या बाईचा हात धरायची मुभा गावात दोघांनाच, वैद्याला आणि काकणवाल्याला. वैद्यापुढं बाई कण्हते, काकणवाल्यापुढं बोलते. शेणी थापून, अंडी विकून, भावानं ओवाळणीत घातलेलं राखून बाई चार पैसे जमवते. घरात ठेवावेत, तर सासू रोज कोपरा न् कोपरा झाडते. म्हणून काकणं भरून घेताना तिच्या मुठीतलं बाबालालच्या मुठीत येई. व्याज तो द्यायचा नाही; त्याऐवजी नागपंचमीला डझनभर काकणं फुकट. बाईची अट एकच, नाव कुठं लिहायचं नाही.

“हे खरं असेलही,” गणपतराव म्हणाले. “पण मला तीन गोष्टी लागतात. पैसे देणारी कोण, तिची तेवढी ऐपत होती का, आणि व्यवहार खरंच झाला का. वही तुमची, तेव्हा सिद्ध करायचं ओझंही तुमचंच. नाहीतर ही तुमचीच लपवलेली मिळकत.”

“आणि बायकांस्नी हितं आणलं तर?”

“त्यांची जबानी होईल. नवऱ्याच्या नावासकट.”

सिद्ध झालं तर एक्केचाळीस बायका उघड्या पडणार. नाही झालं तर तो बुडणार. गणपतरावांनी त्याला पंधरा दिवसांची मुदत दिली. मुदत उदारपणानं दिली होती, फक्त तिचं करायचं काय हे कुणाला माहीत नव्हतं.

गणपतरावांनी ही हकिगत दुसऱ्या दिवशी जेवताना बायकोला सांगितली. कचेरीच्या कामात एरवी तिला रस नसे. त्या दिवशी मात्र तिनं वहीत नावं आहेत का, हे दोनदा विचारलं. नाहीत म्हटल्यावर तिनं त्यांना आग्रहानं आणखी भात वाढला. शिकलेल्या माणसाच्या सहवासाचा परिणाम होतोच, असं गणपतरावांना वाटलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाबालालनं एकीला आणलं. कसबा बावड्याची बयाबाई. तिनं बाबालालला वहीतल्या तिच्या ओळीवर बोट ठेवायला सांगितलं आणि हे चाळीस रुपये माझे, असं म्हणाली. तिच्या हातात काकण नव्हतं. नवरा दोन वर्षांमागं प्लेगात गेला होता. गणपतरावांनी तिच्या म्हशी विचारल्या, शेणींचा भाव विचारला, वर्षं विचारली, गुणाकार केला. बेचाळीस रुपये आले. दोन रुपयांचं काय झालं, असंही त्यांनी विचारलं. ते नवऱ्याच्या औषधाला गेले होते.

“तू आलीस, तशा बाकीच्या का येत नाहीत?”

“माझा मालक असता तर मी तरी कुठं आले असते, साहेब,” बयाबाई म्हणाली. “त्यांचं नवरं हायती अजून. देव त्यास्नी औक्ष देवो.”

गणपतरावांनी टाक खाली ठेवला आणि थोड्या वेळानं परत उचलला. ते वाईट नव्हते. पण समजलं ते आणि सिद्ध झालं ते यांच्या फायली वेगळ्या असतात. बयाबाईचे चाळीस कर्ज म्हणून मान्य झाले. उरलेले पाचशे बाहत्तर बाबालालची मिळकत ठरली. रुपयाला आणा कर, लपवल्याबद्दल तेवढाच दंड. एकाहत्तर रुपये आठ आणे.

निकालाची नक्कल देताना कारकून केरबा बाबालालच्या कानाशी लागला.

“मामा, रडताय कशाला? नशीब काढलासा की. पैसं तुमचंच हाईत असं सरकारच म्हणतंय. उद्या एखादी मागाया आली तर तिनं सिद्ध करायचं. आन् ती कुठनं करणार?”

बाबालालला हे आधी सुचलं नव्हतं. कचेरीपासून घरापर्यंत त्याला दुसरं काही सुचलं नाही. पाचशे बाहत्तर रुपये, सरकारी शिक्क्यासह. घरी बायकोनं, खैरुनबीनं, निकाल ऐकला. एक्केचाळीस घरांची झाकली मूठ सांभाळता सांभाळता आपल्या घराची मूठ उघडी पडली, एवढं बोलून ती चुलीकडं गेली. केरबानं काय सांगितलं ते मात्र त्यानं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, अशी त्याला भीती वाटली.

कर भरायला त्यानं दोन पेट्या विकल्या. घेणारा एकच तयार होता, शेजारचा दुकानदार. भाव अर्थातच त्यानं ठरवला.

मग बायका येऊ लागल्या. मणेराकडं ठेवलेले पैसे सरकारनं मणेराच्याच नावावर केले, अशी बातमी पाणवठ्यावर पोचली होती. कुणी भांडलं नाही. एकेक यायची, काकणं बघायची, भाव पाडून मागायची, आणि मग इकडंतिकडं बघून म्हणायची, “मामा, माझं तेवढं…” बाबालाल वही उघडायचा आणि मोजून द्यायचा. उरलेल्या चार पेट्या मिळेल त्या भावानं गेल्या. वर्ष सरता सरता तो पुन्हा पाटी घेऊन दारोदार फिरू लागला, आणि वहीतल्या सगळ्या ओळींवर काट आली.

पुढल्या साली गणपतरावांनी पुन्हा बोलावलं. गेल्या साली पाचशे बाहत्तर रुपये शाबीत झाले होते. यंदा ना दुकानात माल, ना घरात रोकड. ते कुठं गेले?

“परत दिलं.”

“कुणाला?”

बाबालालनं काट मारलेली वही पुढं केली.

“दिल्याचा पुरावा नसेल तर रक्कम तुमच्याकडंच आहे असं धरावं लागेल. तिच्यावरचा यंदाचा नफाही.” हे म्हणताना गणपतरावांनी त्याच्याकडं पाहिलं नाही.

“धरा की,” बाबालाल म्हणाला. “कागदावर माझ्याकडंच ऱ्हाऊ दे, साहेब. मग ते दुसऱ्या कुणाच्या घरात हाय का, म्हणून कोण बघाया जाणार न्हाय.”

गणपतरावांनी तसं लिहून घेतलं.