वीस इंची रुबाब

सिग्नलला थांबलेल्या एका अनोळखी माणसाने गाडीचा फोटो काढला, आणि तेवढ्यावरून दोघा भावांना आपला बाप आठवला. म्हणजे बाप नव्हे, बापाची पिकअप. चाळीस वर्षांची, गोल डोळ्यांची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची ती गाडी आप्पा गेल्यापासून, गेली नऊ वर्षं, थोरली सून चालवत होती. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. आप्पा सुतार. त्यांच्या हाताखाली ती आधी पॉलिश शिकली, मग रंधा, मग गाडी. मुलगे यातल्या कशाच्याच वाटेला गेले नव्हते. थोरला वजनमापे खात्यात निरीक्षक. लोकांचे तराजू तपासत फिरायचा. धाकटा विमा विकायचा. इतकी वर्षं दोघांच्या तोंडी गाडीचं नाव ‘ते खटारं’ असं होतं. फोटो निघाला आणि ती ‘आपली क्लासिक’ झाली.

“क्लासिकला असली बारकी चाकं शोभत नाहीत, दादा,” धाकटा म्हणाला. तो फोनवरच्या जुन्या गाडीवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरला होता. ज्यांच्या गाड्या जागच्या हलत नसत, ते तिथे सगळ्यांत जास्त बोलत.

मग आठवडाभर आप्पांच्या, आता वहिनी चालवत असलेल्या कारखान्याच्या भिंतीवर खडूची वर्तुळं उमटली. पंधरा इंची रिम, म्हणजे होती ती. मग सतरा, अठरा, वीस. दोघे हात मागे बांधून, मान तिरकी करून त्यांच्यासमोर उभे राहत.

“अठरा जरा बायकी वाटतं,” धाकटा म्हणाला. “वहिनी, राग मानू नका हं.”

“नाही मानत. पण भावजी, गाडी उंच किती होईल?”

“अहो, उंचीसाठीच तर चाललंय सगळं.”

“रुबाब येतो,” थोरला म्हणाला. त्याची स्वतःची उंची पाच फूट तीन.

वहिनीच्या हातात पॉलिशचा बोळा होता, आणि फळीवर पॉलिशचा ओला थर अर्धवट सोडला की डाग राहतो. म्हणून तिने पुढे विचारलं नाही. तिथेच ती चुकली.

वीस इंची ठरलं. टायर धरून नवं चाक जुन्यापेक्षा व्यासाला सहा इंच मोठं भरलं, म्हणजे गाडी तीन इंच वर उचलली गेली. धाकट्याने चाकावर पाय ठेवून, शिकार केल्यासारखा फोटो काढून घेतला. थोरल्याने रविवारी फडक्याने रिम पुसली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण त्याच्या हातात फडकं वहिनीने पहिल्यांदाच पाहिलं.

सोमवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचं कपाट पोचवायचं होतं. वहिनीने गाडी मागे घेतली, मागचा फाळका पाडला, आणि तशीच उभी राहिली.

कारखान्याच्या दाराशी आप्पांनी एक ओटा बांधला होता. आतली फरशी, ओटा आणि गाडीचा हौदा, तिन्ही एका पातळीत. कपाट गोणपाटावर आडवं करायचं, गुडघा लावायचा आणि ढकलत न्यायचं, थेट हौद्यात. एकट्या माणसाला जमावं म्हणून आप्पांनी ते मापून केलं होतं, आणि एकट्या बाईला ते जमत होतं. आज हौद्याची कड ओट्याच्या तीन इंच वर होती. जगभरचे तराजू मापणाऱ्या तिच्या नवऱ्याने बापाचा ओटा तेवढा मापला नव्हता.

तिने दोघांना फोन केला. थोरला दीड तासाने आला, धाकटा दोन तासांनी.

“एवढंच ना? तीन इंच म्हणजे काय!” धाकटा म्हणाला आणि कपाटाला हात घातला. मग तीनदा ते खाली ठेवलं. थोरल्याच्या कमरेत कळ आली. कपाटाचा कोपरा खरचटला, तो वहिनीने दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या घरी जाऊन, मान खाली घालून, दुरुस्त केला.

पुढचे पंधरा दिवस असेच. आधी फोन, मग वाट, मग त्यांचा चहा, मग “कुठून धरू?” नऊ वर्षांत तिने कुणाला “जरा येता का” म्हटलं नव्हतं. आता दिवसातून दोनदा म्हणावं लागत होतं, तेही गोड आवाजात. फळी टेकवून उतार करून पाहिला, तर टेबल घसरून तिच्याच अंगावर आलं.

तिसऱ्या सोमवारी धाकटा विटा आणि सिमेंटची गोणी घेऊन उगवला. “ओटाच वर घेऊ. मिटला प्रश्न.”

“मग कपाट फरशीवरून ओट्यावर कसं चढवायचं?”

धाकट्याने गोणी खाली ठेवली.

“फरशीही उचलावी लागेल,” थोरला विचार करून म्हणाला.

“मग दाराची चौकट? छप्पर?”

वहिनीने ते टोचून म्हटलं होतं. थोरल्याने खिशातून टेप काढला आणि छपराकडे बघितलं.

तिने किल्ली घेतली आणि गाडी थेट टायरवाल्याकडे नेली. तिची जुनी चाकं त्याच्याकडेच पडून होती.

“साहेबांना विचारलंय ना?” टायरवाला म्हणाला.

“साहेबांनी मला विचारलं होतं का?”

तो हसला. जरा विचार करून म्हणाला, “वहिनी, मधला रस्ता आहे. रिम सतराची, टायर चपटं. बाहेरून चाक पूर्वीएवढंच. त्यांना दिसायला मोठं, तुम्हाला उंची तीच.”

तिचं मन क्षणभर विरघळलं. फडकं घेऊन बसलेला नवरा डोळ्यांसमोर आला. “आणि वजन? सागवानी कपाटं असतात हो.”

“खरं सांगू? चपट्यात हवेला जागा कमी. भरलेली गाडी खड्ड्यात गेली की रिमला मार बसणार.”

“मग पंधराच घाला.”

वीस इंची चाकं हौद्यात टाकून तिने घरी आणली आणि बैठकीत उभी केली, दोन सोफ्याच्या अलीकडे, दोन पलीकडे.

थोरला संध्याकाळी कारखान्यात आला तेव्हा तिने गाडी ओट्याला लावलेली होती. शिंप्याचं मोठं टेबल गोणपाटावर आडवं होतं.

“ठेंगणी झाली गं,” गाडीकडे बघत तो म्हणाला. आवाज खरोखर पडला होता. “मला विचारायचं तरी.”

“तुम्ही मोठ्या साइजच्या विचारात होता.”

तो पंधरा दिवसांच्या सवयीने बाह्या सरसावून पुढे आला. “कुठून धरू?”

“बाजूला व्हा जरा.”

तिने गुडघा लावला. टेबल फरशीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून हौद्यात सरकत गेलं. तिने फाळका लावला, कडी घातली आणि गाडी सुरू केली. आरशात थोरला ओट्यावर उभा दिसला, उचलायला पुढे केलेले दोन्ही हात अजून तसेच.