डाव्या हाताची नाडी

आमच्या घरात मला संशयी म्हणतात. मी म्हणते, मला दिसतं. फळवाला तोलताना अंगठा कुठे टेकवतो ते मला दिसतं. "छान झालीय हो" म्हणत माझे यजमान भाजी ताटाच्या कडेला कशी सारतात, तेही दिसतं. या माणसाने आजवर कोणाचं मन मोडलेलं नाही, म्हणून त्यांच्या शब्दावर मी कधी विसंबत नाही. सासूबाईंचं बरोबर उलट. त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल एक बरा शब्द निघालेला मला आठवत नाही.

त्यामुळे डावा हात दुखायला लागला तेव्हा मी बरेच दिवस गप्पच राहिले. सांगितलं असतं तर एकाने नुसतं "अरेरे" केलं असतं आणि दुसरीने "झालं सुरू".

मी पडद्यांच्या कारखान्यात काम करते. शिवून आलेला पडदा दांड्यावर टांगायचा आणि तो सरळ पडतोय का, खालची कड कुठे उचलली गेलीय का, ते बघायचं. त्यासाठी घोडीवर, म्हणजे दोन्हीकडून पाय असलेल्या शिडीवर चढावं लागतं. डाव्या हाताने सगळं कापड डोक्याच्या वर तोलून धरायचं आणि उजव्या हाताने एकेक आकडा कडीत अडकवायचा. डोळे मिटून करावं असं माझं काम. पण आता अर्धा पडदा झाला की डावा हात भरून यायचा, शिशासारखा जड व्हायचा, बोटं गार पडायची. खाली सोडला की थोड्या वेळाने पुन्हा बरा. संध्याकाळी अंगात कसकस असायची. मानेची एक बाजू हात लावला तरी दुखायची. कपडे ढगळ होत चालले होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला आणि मलम दिलं.

"भांडी घासायच्या वेळेला बरा दुखतो गं हात," सासूबाई म्हणाल्या. "जेवताना दुखत नाही ते."

"जेवते मी उजव्या हाताने, आई."

"तेच म्हणते मी."

मग एकदा मखमलीचा जड पडदा माझ्या हातातून सुटला आणि थेट खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडला. बिचारा बराच वेळ आत चाचपडत होता. शिवणाऱ्या बायकांची हसून मुरकुंडी वळली. मालक मात्र हसले नाहीत. त्यांनी मला सिस्टरकडे पाठवलं.

या सिस्टर म्हणजे मालकांची मावसबहीण. आठवड्यातून एकदा कारखान्याच्या मागच्या खोलीत बसतात, कोणाला काय होतंय ते बघतात आणि मालकांना कळवतात. आता यात कुठे पाणी मुरतंय ते सांगायला ज्योतिषी नको. शिवाय त्यांच्या त्या बीपीच्या मशीनकडून मी आजवर एकही वाईट बातमी ऐकली नव्हती. दोन जिने चढून धापा टाकणारा वॉचमन ठणठणीत. दिवसभर डोकं धरून बसणाऱ्या शिवणबाई ठणठणीत. मीही ठणठणीतच. मी सिस्टरना हाताचं सांगितलं, तर म्हणाल्या, "प्रेशर तर छान आहे तुमचं. खांद्याला शेक द्या."

माझी खात्री पटली. हे मशीन मालकांनी कुठून तरी मोडीत उचललं असणार. पट्टा गुंडाळायचा, घुर्र करायचं, गोड आकडा दाखवायचा आणि माणूस परत कामावर.

हात तसाच राहिला, तेव्हा पुढच्या आठवड्यात मालकांनी स्पष्टच सांगितलं. "उद्या सिस्टर येतील. त्यांनी ठीक आहे म्हटलं तर घोडीवर चढायचं. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

मी घरी जाऊन विचार केला. मालकांशी भांडून उपयोग नव्हता, मशीनलाच पकडायला हवं होतं. आणि मला युक्ती सुचली. माणसाचं हृदय एक, रक्त एक. मग प्रेशर उजव्या हाताचं घ्या नाहीतर डाव्याचं, आकडा एकच यायला हवा. वेगवेगळा आला, की मशीन भंगार हे सिद्ध. तेही साक्षीदारासमोर. शिवणबाईंना मी दारात उभं राहायला सांगितलं.

त्या खोलीची रचना अशी, की टेबल भिंतीला टेकलेलं, त्याच्यापुढे खुर्ची, आणि खुर्चीवर बसलं की माणसाचा डावा खांदा भिंतीला घासतो. मशीन उजवीकडे, त्याची नळी आखूड. त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण न सांगता उजवी बाही वर करतो. सिस्टरनी पट्टा बांधला, घुर्र झालं, एकशे तीसच्या आसपास आकडा आला.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

"आता डाव्या हाताचं घ्या."

"कशाला? टेबल हलवावं लागेल."

"मग हलवू या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारातल्या शिवणबाईंकडे पाहिलं आणि काय ते समजल्या. पण टेबल ओढलं. मी खुर्ची फिरवून बसले. पट्टा फुगला, सुटला, पुन्हा आपोआप फुगला. मशीनला काही सापडत नसावं. शेवटी आकडा आला, नव्वदच्याही खाली.

"बघा," मी शिवणबाईंना म्हटलं. "माणूस एक आणि आकडे दोन. मशीन भंगार आहे, मी सांगत नव्हते?"

सिस्टर चिडतील, मालकांना हाक मारतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यासाठी उत्तरंही तयार होती. पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून रबरी फुग्याचं जुनं मशीन काढलं, कानाला नळ्या लावल्या आणि दोन्ही हातांचं प्रेशर पुन्हा घेतलं. मग माझी दोन्ही मनगटं हातात घेऊन डोळे मिटून बसल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग बदलला.

"मशीन बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "या हाताला नाडी लागत नाहीये. अगदी पुसट आहे."

"म्हणजे काय?"

"रक्त नीट पोचत नाहीये. इतक्या वेळा प्रेशर घेतलं मी तुमचं, आणि हा हात कधी बघितलाच नाही."

मग त्यांनी माझ्यासमोरच मालकांना फोन लावला. मी कान टवकारले. "दादा, यांना घोडीवर चढवायचं नाही आणि कामावरूनही काढायचं नाही. मोठ्या दवाखान्यात पाठवतेय. आणि त्या टेबलाची जागा आधी बदल." त्या दिवशी पहिल्यांदा माझा संशय साफ तोंडावर आपटला, आणि तो खरा निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, मग शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्यांचा स्कॅन केला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. डाव्या हाताकडे जाणारी मोठी वाहिनी एका जागी आवळली गेली होती.

"वाहिनीच्या भिंतीलाच सूज आहे," त्या म्हणाल्या. "रोगाशी लढणारी शरीराची जी व्यवस्था असते ना, ती चुकून आपल्याच वाहिन्यांवर उठलीय. का, ते नेमकं सांगता येत नाही."

"म्हणजे माझं शरीर माझ्यावरच संशय घेतंय?"

"असंच म्हणा. लवकर सापडलं हे चांगलं झालं. मेंदूकडची आणि मूत्रपिंडाची वाहिनी अजून ठीक आहे. औषधांनी सूज आवरता येईल."

"आणि हाताची नाडी?"

"सूज उतरून रस्ता मोकळा झाला तर येईल. काहींची परत येत नाही. वाट बघावी लागेल."

दवाखान्यात सोबत आलेल्या यजमानांनी घरी आल्यावर सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अंगातसुद्धा संशय. हिच्यात दुसरं काय असणार." आणि त्या दिवसापासून भांडी त्या घासू लागल्या. यामागे काय डाव आहे ते मला कळत नव्हतं.

मी घाबरले होते. पडदे गेले तर गेले, पण हा हात उद्या उशाला घेऊन झोपायचाही राहिला नाही तर? आणि आज जी वाहिनी ठीक आहे, ती उद्या राहील कशावरून? गोळ्यांनी तोंड सुजलं, झोप उडाली. कारखान्यात मला खाली बसून कडा तपासायचं काम मिळालं. सिस्टर एकदा घरी येऊन गेल्या आणि नाडी कशी बघायची ते सगळ्यांना शिकवून गेल्या.

तेव्हापासून यजमान रोज सकाळी माझं मनगट धरायचे आणि म्हणायचे, "लागते हो, आज चांगली लागते." हेच ते पहिल्या दिवशीही म्हणाले होते. मी स्वतः बघायला गेले, तर बोटांखाली धडधड कळायची, पण ती मनगटाची की बोटाची याचा पत्ता लागायचा नाही. रक्ताच्या तपासण्या सुधारत होत्या, पण कागदावरचं माझ्या मनाला पटत नव्हतं.

एका सकाळी माझ्या डोक्यात आलं, की माझं मन राखण्यासाठी कधीच खोटं बोलणार नाही असं एकच माणूस या घरात आहे.

सासूबाई खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि डावा हात पुढे केला.

"बघा."

"त्याने बघितलं ना सकाळी?"

"तुम्ही बघा, आई."

त्यांनी ताट बाजूला सारलं. बोटं पदराला पुसली, चष्मा उगाचच नीट केला आणि माझं मनगट धरलं. दाबलं, सैल केलं, बोटं जरा खाली सरकवली. बराच वेळ गेला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर नेहमीचीच नाराजी होती.

"नाही ना?" मी विचारलं.

"गप्प बस."

मला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

"आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण बारीक आहे. ओढूनताणून कामावर आल्यासारखी. तुझीच आहे."

मला रडू फुटलं. स्वयंपाकघरातून यजमान म्हणाले, "मी कधीपासून सांगतोय." त्यांच्याकडे आम्ही दोघींनीही लक्ष दिलं नाही.

सासूबाईंनी माझा हात सोडला नव्हता.

"रड," त्या म्हणाल्या, "पण हात हलवू नकोस. अजून मोजतेय मी."